सांदण दरीचा व्हिडिओ ‘बघणेबल’ कसा करावा?

घाटवाटकरी

मंडळी,

अकोले तालुक्यातली सांदणची चिंचोळी दरी उतरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपचा व्हिडिओ यूट्यूबवर सापडतो आणि चार-पाच पाहिले की पुढचा लावावासा वाटत नाही. दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावात गाडीतून उतरणारी पेंगुळलेली माणसं, काळ्या भिंतींमधून हिंदकळत जाणारा कॅमेरा, डोहात पाय टाकल्याबरोबर किंकाळ्या, रॅपलिंग (म्हणजे दोराने कडा उतरणं), शेकोटी आणि या सगळ्यावर पहिल्या सेकंदापासून ढोल-ताशा. दरी संपते, पण ती किती अरुंद होती, किती खोल होती, तोंडातून आत शिरताच गारवा कसा अंगावर आला, यातलं काही म्हणजे काही पोचत नाही.

आमचा ग्रुप जानेवारीत वरून उतरला, खाली मुक्काम केला आणि करोली घाटाने चढून परत साम्रदला आला. दोन अ‍ॅक्शन कॅमेरे आणि सगळ्यांचे मोबाइल मिळून फुटेज ढिगाने आहे. त्यातून दहा-बारा मिनिटांची अशी फिल्म करायचीय की ट्रेकशी काडीचा संबंध नसलेली माझी मावशीसुद्धा ती शेवटपर्यंत बघेल.

एक गोष्ट फुटेज चाळतानाच लक्षात आली. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं सगळ्यात रुंद मोड इथे घात करतं. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडे कातळ हाताला लागतो ती जागा त्या मोडमध्ये पेठेतल्या गल्लीएवढी ऐसपैस दिसते. त्याच जागी आमच्यातल्या एकाने जरा मागे थांबून मोबाइलच्या दुप्पट झूमच्या लेन्सने घेतलेला शॉट आहे. त्यात भिंती अक्षरशः अंगावर येतात. म्हणजे आत जागा कमी म्हणून रुंद लेन्स लावायची ही आपली सवयच उलटी पडते.

आता प्रश्न. वर आभाळाची लख्ख पट्टी आणि खाली काळामिट्ट कातळ, यात एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) कोणाला धरून ठेवायचं? आवाजाचं काय करायचं? आणि ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे फुकटातल्या सॉफ्टवेअरने होईल का? जाणकारांनी हात मोकळा सोडून लिहावं.

चिमणचारा

वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या महिन्यात जातोय. मावशींना नमस्कार सांगा.

रीळमास्तर

मी नाशिककडे लग्नं-मुंजी शूट करतो आणि एडिटही करतो, त्यामुळे कोणीही शेवटपर्यंत न बघणारे व्हिडिओ करण्याचा दांडगा अनुभव आहे. हलके घ्या.

घाटवाटकरी, सॉफ्टवेअर नंतर. आधी वही-पेन घ्या. सगळं फुटेज एकदा सलग बघा आणि काहीही कापू नका. फक्त लिहा: कुठल्या क्लिपमध्ये कोण आहे, काय करतंय, किती सेकंद धड आहेत. कंटाळवाणं काम आहे, पण फिल्म इथेच होते.

मग एक माणूस निवडा. तुमच्या मावशीला दरीशी देणंघेणं नाही. पाण्याला घाबरणारी कोणीतरी त्या डोहातून पलीकडे जाते का, याच्याशी आहे. ग्रुपमध्ये असं कोणीतरी असतंच. दुसऱ्या डोहाशी कोण थबकलं होतं ते शोधा. ती व्यक्ती साम्रदमध्ये बूट बांधताना दिसली पाहिजे, पहिल्या पाण्यात दिसली पाहिजे, मग दुसऱ्या डोहाच्या काठावर. बाकी पंधरा जणांचे हसरे चेहरे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, तिथे त्यांची कदर होईल.

आणि हाच माणूस दरीचं मापही दाखवतो. नुसता कातळ वीस फूट आहे की दोनशे, हे पडद्यावर कळत नाही. भिंतीच्या पायथ्याशी लाल हेल्मेट घातलेलं मुंगीएवढं माणूस चालत गेलं की लगेच कळतं. कॅमेरा दगडावर ठेवून माणसं चौकटीत शिरतायत आणि बाहेर जातायत असे शॉट असतील तर ते सोनं आहे. चालत चालत घेतलेल्या शॉटांपैकी नव्वद टक्के फेकायची तयारी ठेवा. पायाखाली धोंडे असताना चालताना घेतलेला शॉट कितीही महागड्या कॅमेऱ्याने घेतलेला असो, बघणाऱ्याला मळमळतं.

खडूस_आजोबा

आम्ही सांदणला गेलो तेव्हा एक कॅमेरा, त्यात छत्तीस फोटोंचा रोल, तोही ग्रुपमध्ये मिळून. कंटाळवाणे व्हिडिओ नव्हते. व्हिडिओच नव्हते.

फिनिक्सकर

मस्त धागा. मी अ‍ॅरिझोनात राहते, त्यामुळे अशा चिंचोळ्या दऱ्या इथे आणि शेजारच्या यूटामध्ये भरपूर फिरून झाल्यात. सांदणही केली आहे. एक फरक आधीच सांगते, कारण यूट्यूबवरचे ‘स्लॉट कॅन्यन कसं शूट करावं’ छापाचे बहुतेक धडे इथल्या वालुकाश्मावर बेतलेले असतात आणि सांदणला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इथे ऊन वरच्या भिंतीवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून परत खाली. दर उसळीला ते अधिक तांबूस होत जातं. तळाशी पोचेपर्यंत दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. म्हणून इथे थेट ऊन चौकटीबाहेर ठेवायचं आणि ही परतून आलेली झळाळी टिपायची. यात सगळ्यात मोठा चोर म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स, कॅमेऱ्याची रंग आपोआप सुधारायची सोय. त्याला सगळीकडे नारिंगी दिसतं, त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि तो सगळं मातकट करून टाकतो. ५५०० केल्विनच्या आसपास कुलूप घाला आणि विसरून जा.

सांदण बेसॉल्टची. काळा दगड प्रकाश परतवत नाही, गिळतो. त्यामुळे झळाळीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तिथे दोनच गोष्टी हाताशी असतात. एक म्हणजे दुपारच्या सुमाराला थोडा वेळ तळापर्यंत उतरणारं ऊन, आणि दुसरं ओला दगड. कोरडा बेसॉल्ट व्हिडिओत सपाट दिसतो. ओला झाला की त्याला कडा येतात, खवले दिसतात. डोहाच्या वरची भिंत बघा, हात दीड हात उंचीपर्यंत पाण्याची चकाकी असते. कॅमेरा त्या उंचीला आणा.

एक्स्पोजरबद्दल: आभाळ चौकटीत घेऊच नका. घ्यायचंच असेल तर ते पांढरंफटक होऊ द्या आणि एक्स्पोजर भिंतीच्या मधल्या पट्ट्याला बांधा. मोबाइलवर बोट दाबून धरलं की कुलूप लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे ऑटोवर ठेवून खालून वर कॅमेरा फिरवणं. मध्येच सगळं चित्र काळं पडतं. त्यापेक्षा खालचा शॉट वेगळा, वर बघितलेला शॉट वेगळा, आणि मध्ये कट.

यूटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या नॅरोज नावाच्या दरीत तर व्हर्जिन नदीतूनच चालायचं असतं. टेंपल ऑफ सिनावावापासून बिग स्प्रिंगपर्यंत, एका बाजूने साधारण ८ किलोमीटर, परवान्याशिवाय जाता येतं. हातात काठी लागतेच, म्हणजे शूटिंगला उरतो एक हात. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की पार्कवाले नॅरोज बंद करतात. आणि ड्रोनचा विचार करत असाल तर २०१४ पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये त्याला बंदी आहे.

इकडे येणाऱ्यांसाठी अवांतर: अँटिलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे. गाइडशिवाय आत सोडत नाहीत. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, अ‍ॅक्शन कॅमेरा आणि व्हिडिओवर तिथल्या टूरवाल्यांचे कडक नियम आहेत. तिकीट काढण्याआधी वाचा. नाहीतर एवढं लांब येऊन गाइडशी हुज्जत घालणारी मंडळी बघितली आहेत.

दोरखंड

फिनिक्सकरताईंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. मी त्यात दोराची बाजू घालतो, कारण रॅपलिंगचे जे शॉट बघायला मिळतात ते बघून पोटात गोळा येतो.

पहिली गोष्ट, छातीवरचा कॅमेरा दोरावर निरुपयोगी आहे. उतरणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असतं, त्यामुळे पाच मिनिटं कातळ आणि डिसेंडर (दोरावरून उतरायचं अवजार) यापलीकडे काही दिसत नाही. हेल्मेटवरचा कॅमेरा दिसायला बरा, पण बाहेर आलेली ती दांडी दोरात अडकू शकते. हातात कॅमेरा धरून उतरणाऱ्याला मी दोरावर चढवतच नाही. एक हात दोराच्या खालच्या टोकावर हवा म्हणजे हवा, त्यात वाटाघाटी नाहीत.

रॅपलिंगचा खरा शॉट खालून येतो. आधी उतरलेल्या माणसाने घ्यायचा, पण सरळ दोराखाली उभं राहून नाही. वरून दगड सुटतात. आठ-दहा पावलं बाजूला, हेल्मेट डोक्यावर, पाठ भिंतीला. तिथून माणूस, दोर आणि वरचा कडा तिन्ही एका चौकटीत येतात आणि उंचीही कळते. वरून घ्यायचा असेल तर कॅमेरामन स्वतः अँकरला (दोर जिथे पक्का बांधतात त्या जागेला) बांधलेला असला पाहिजे. आणि कॅमेऱ्याला दोन फुटांची दोरी बांधून ती हार्नेसमध्ये (कमरेच्या पट्ट्यात) अडकवा. डोहात बुडालेला कॅमेरा एक वेळ शोधता येतो, पण पन्नास फुटांवरून पडलेला कॅमेरा खालच्याच्या डोक्यात जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. शूटिंग करणारा ग्रुप शूटिंग न करणाऱ्यापेक्षा कितीतरी हळू चालतो आणि लांबलचक पसरतो. सांदणला उजेड लवकर जातो. त्यामुळे कॅमेरा कुठे काढायचा त्या जागा सकाळीच ठरवा: तोंडाशी, दोन्ही डोह, पहिला मोठा पॅच (दोराने उतरायचा कडा), आणि जिथे दरी उघडून समोर कोकण दिसतं तिथे. मधल्या धोंड्यांमध्ये कॅमेरा बॅगेत. कॅमेरामन ग्रुपच्या शेवटी राहता कामा नये, शेवटी कोणी मागे राहू नये हे बघणारा लीडर असतो.

आणि पावसाळ्यात सांदणचं नावही काढू नका. सरत्या पावसाळ्यातसुद्धा वरच्या पठारावर काय चाललंय ते साम्रदच्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका. ‘पाणी वाढलेलं असताना व्हिडिओ भारी येईल’ असं म्हणणारे दरवर्षी भेटतात.

फिनिक्सकर

दोरखंड, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा सहमत. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. मुसळधार पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, काही मैल दूर. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये ७ जण गेले. पाणी एकाएकी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज चढणं ही लक्षणं दिसली की उंच जागा गाठायची. पण डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यात असलेल्या माणसाला हे सगळ्यात शेवटी दिसतं. म्हणून आमच्यात शूट करणाऱ्याच्या जोडीला एकजण कायम रिकाम्या हाताने उभा असतो.

कुंपणावरचा

एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा कॅमेरा घरी ठेवून दरी डोळे भरून बघावी, असं नाही का वाटत कोणाला?

घाटवाटकरी

@कुंपणावरचा, वाटतं की. पण मग मावशीला काय दाखवू?

@रीळमास्तर, वही घेऊन बसलो. तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. आमच्यातली एक मैत्रीण दुसऱ्या डोहाच्या काठावर बराच वेळ थांबली होती आणि कोणीतरी समोरच्या धोंड्यावर कॅमेरा चालू ठेवून विसरून गेलं होतं. त्या क्लिपमध्ये ती बॅग डोक्यावर घेते, एक पाय पाण्यात घालते, काढते. मग डाव्या हाताने भिंत चाचपत, ओठ घट्ट मिटून, छातीएवढ्या पाण्यातून सावकाश येते. पाणी बगलेला लागतं तेव्हा एकदाच तोंडातून ‘आई गं’ निघतं. पलीकडून कोणी काही बोलत नाही. मध्येच वरून एक थेंब लेन्सवर पडतो आणि उजवा कोपरा धूसर होतो. सव्वा मिनिटाची सलग क्लिप आहे. मैत्रिणीला विचारलं, वापरायला तिची परवानगी आहे.

प्रश्न असा की ही क्लिप किती छोटी करू? आणि थेंबाचं काय?

रीळमास्तर

छोटी करू नका! एका फ्रेमलाही हात लावू नका. ही तुमची फिल्म. तिच्याआधी जे दाखवाल ते हिची तयारी, नंतरचं आटोपतं घ्या. थेंब राहू द्या. वर संगीत टाकलंत तर मी नाशिकहून येऊन लॅपटॉप काढून घेईन.

कानसेन

संगीताचा विषय निघालाच आहे तर आवाजावर लिहितो, तो या धाग्यात सावत्र राहिलाय.

सांदणमध्ये चित्रापेक्षा आवाज दरी जास्त दाखवतो. तोंडाशी बोललेलं वाक्य मोकळं ऐकू येतं. पन्नास पावलं आत गेलं की त्याच वाक्याला शेपूट फुटतं, भिंती ते परत देतात. डोहाशी पुन्हा बदलतं, कारण पाण्याचा पृष्ठभागही आवाज परतवतो. संगीत टाकून तुम्ही हे सगळं पुसता आणि मग दरी पोचली नाही म्हणून हळहळता.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा माइक पाण्यातून बाहेर आल्यावर थोडा वेळ गुदमरलेला असतो, कारण त्याच्या भोकांवर पाणी बसतं. फुंकर मारून, झटकून घ्यावं. छातीच्या पट्ट्यावर कॅमेरा असेल तर पट्टा घासल्याचा खरखराट प्रत्येक पावलाला येतो. तो एडिटिंगमध्ये निघत नाही, नादी लागू नका. उपाय सोपा आहे: एक जादा मोबाइल, नुसता रेकॉर्डर चालू करून, कोरड्या जागी दगडावर ठेवायचा आणि सगळ्यांनी एक मिनिट तोंड बंद ठेवायचं. असं तोंडाशी, डोहाशी आणि पॅचखाली करायचं. हे तीन तुकडे मिळाले की चित्रांचे कितीही कट मारा, खालून एकच आवाज अखंड चालू राहतो आणि बघणाऱ्याला कट जाणवत नाहीत.

तुम्ही शूट करून आलाच आहात, त्यामुळे आता आहे त्यातून शोधा. तुमच्या त्या विसरलेल्या कॅमेऱ्याच्या क्लिपमध्ये मैत्रीण पाण्यात उतरण्याआधी शांतता असणार. ती उचला. आणि एक युक्ती: पुढच्या जागेचा आवाज आधीच्या चित्रावर तीन-चार सेकंद आधी सुरू करा. माणसं अजून धोंड्यांवरून चालतायत आणि पाण्याचे टपटप थेंब ऐकू यायला लागलेत. प्रेक्षक आपोआप पुढे सरकून बसतो.

निवेदन लागेल तेवढंच करा, घरी, पंखा बंद करून, गोधडी डोक्यावर घेऊन. स्टुडिओ लागत नाही.

सिनेमातली गाणी टाकू नका हे वेगळं सांगायला नको. यूट्यूब ती यंत्राने ओळखतं आणि हक्कदार दावा ठोकतो. शेवटच्या नावांसाठी काही हवंच असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत फुकट सापडेल.

चिमणचारा

गोधडीचं वाचून हसून हसून पुरेवाट झाली, पण खरंच करून पाहिलं. आवाज रेडिओसारखा येतोय राव!

माझा प्रश्न: आम्ही जाणार आहोत तर सेकंदाला ३० फ्रेम ठेवू की ६०? दुकानदार म्हणाला ६० भारी.

फिनिक्सकर

३०. सेकंदाला ६० फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त १/६० सेकंदच उजेड मिळतो. अंधाऱ्या दरीत मग कॅमेरा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढवतो आणि चित्रावर मुंग्या येतात. ३० ला थोडी सूट मिळते. फक्त शटर फार मंद होऊ देऊ नका. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची जादू चौकट सरळ करते, पण मंद शटरमुळे आलेला धुरकटपणा तिला काढता येत नाही. म्हणून अंधारात कॅमेऱ्याचं चित्र स्थिर असूनही थरथरतं. सपाट दगड शोधा, त्यावर टेकवा, सगळे प्रश्न सुटतात. हळू गतीचा शॉट हवा असेल तर ६० वापरा, पण फक्त उन्हाच्या तुकड्यात.

पाण्याच्या थेंबांवर उपाय किळसवाणा आहे पण चालतो: डोहात शिरण्याआधी लेन्सच्या बाहेरच्या काचेला जीभ लावायची. थेंब न धरता पाण्याचा पातळ थर बनून ओघळून जातो. घाटवाटकरींचा थेंब मात्र असाच असू द्या. :)

घाटवाटकरी

एडिटिंग सुरू. आठ जीबीचा लॅपटॉप धापा टाकतोय, आणि मोबाइलच्या काही क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होतेय. सुरुवातीला बरोबर असतं, दोन मिनिटांनी मागे पडतं. कातळाचा रंग उजळवायला गेलो तर राखाडी दाणे दिसतात, ते वेगळंच.

रीळमास्तर

तिन्हीची औषधं आहेत.

ओठांची फारकत: बरेच मोबाइल उजेडाप्रमाणे सेकंदाच्या फ्रेमची संख्या कमी-जास्त करत राहतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ती ठरलेली लागते. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून त्या क्लिप ‘कॉन्स्टंट’ फ्रेम रेट निवडून काढा, मग आत घ्या.

धाप: ४के फुटेज थेट कापायला जाऊ नका. हलक्या प्रती करा, त्याला प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी त्यांच्यावर करायची, शेवटी बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फुटेज उचलतं. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत हे आहे, पण ते रॅम भरपूर खातं. आठ जीबीवर केडेनलाइव्ह जास्त झेपेल, तेही फुकट. आणि जागेचा हिशोब करा. ६० मेगाबिटने घेतलेलं ४के फुटेज तासाला साधारण २७ जीबी होतं. मूळ कार्ड पुसण्याआधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत असू द्या.

दाणे: हट्ट सोडा. सांदण काळी आहे, काळी दिसू द्या. लोक सावल्या उजळवून सगळा कातळ राखाडी करतात आणि मग दरी सिमेंटच्या गोदामासारखी दिसते. उलट काळा अजून थोडा दाबा, चेहरा आणि पाण्याची चकाकी तेवढी वर आणा. दाणे सावलीत लपतात. रिझॉल्व्हचं दाणे काढायचं हत्यार पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे, त्याच्यासाठी खर्च करू नका. सगळ्या कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळवताना कातळ धरू नका, कातडीचा रंग धरा. बघणारा चेहऱ्यावरूनच फरक पकडतो.

खडूस_आजोबा

उभा काढलाय की आडवा? नातवंडं सगळं उभं काढतात. डोळे काय एकावर एक आहेत का?

चिमणचारा

आजोबा, दरी उभीच असते की!

फिनिक्सकर

चिमणचारा जिंकली. इथे उभी चौकट खरंच शोभते. माणूस खाली, भिंत वर, शेवटी आभाळाची चीर. मी दोन्ही घेते. पण एकाच फिल्ममध्ये दोन्ही मिसळून बाजूला धूसर पट्टे लावू नका.

अगस्तीकर

मी अकोले तालुक्यातला. धागा वाचत होतो, बोलणार नव्हतो, पण तिघा-चौघांनी मेसेज करून ड्रोनचं विचारलं म्हणून लिहितो.

हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. ड्रोन लहान आहे, २५० ग्रॅमच्या आतला आहे, ही सबब इथे चालत नाही. शिवाय दरीत उतरवलात तर उपग्रहाचा सिग्नल तुटतो. मग ‘घरी परत ये’चं बटनही भरवशाचं राहत नाही आणि तो कपारीला धडकतो. असे तुकडे आमच्या पोरांनी धोंड्यांमधून वेचलेत.

दुसरं म्हणजे आमची माणसं. जो वाटाड्या तुमचा दोर बांधतो, डोहात उभा राहून एकेकाचा हात धरतो, तो व्हिडिओत पाठमोरा असतो, नावही नसतं. आणि घरात पिठलं-भाकरी करणाऱ्या बाईंचा चुलीपुढचा क्लोजअप मात्र न विचारता, वर बासरी लावून. विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. डोक्यावरचा पदर नीट करून, हसून म्हणतात. विचारायला पाच सेकंद लागतात. वाटाड्याचा फोन नंबर टाकायचा असेल तर तोही त्याला विचारून, कारण मग रात्री-बेरात्री फोन येतात.

आणि कृपा करून आडबाजूच्या घळींचं लोकेशन टाकू नका. सांदणला शनिवार-रविवारी डोहाशी रांग लागते, ती पुरे.

दोरखंड

अगस्तीकर, पटलं. आमच्या व्हिडिओंमध्ये यापुढे वाटाड्याचं नाव पहिल्या पाटीवर, त्याला विचारूनच.

घाटवाटकरी

अगस्तीकरदादा, आभार. आमच्या वाटाड्यादादांना फोन केला. नाव घालायला हो म्हणाले, नंबर नको म्हणाले. आणि माझ्याकडे त्यांचा एक समोरून घेतलेला शॉट निघाला, डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मैत्रिणीला फक्त हाताने ‘ये, ये’ करताना. तो डोहाच्या क्लिपआधी लावला. आता कळतं की ती कोणाकडे बघत येत होती.

पहिला कच्चा कट नऊ मिनिटांच्या आसपास झालाय. शेकोटी उडवली. गाडीतून उतरणं उडवलं. सुरुवात साम्रदच्या वाटेवर बूट बांधण्यापासून. रॅपलिंगचे तीनच शॉट ठेवले, तिन्ही खालून. करोली घाटाची चढण पुरती अर्धं मिनिट, ती आमच्या पायांना आठवते तेवढी बस. संगीत कुठेही नाही. मावशीला अजून दाखवलं नाही.

रीळमास्तर

मावशीला दाखवताना तुम्ही पडद्याकडे बघू नका, मावशीकडे बघा. त्या फोनला हात लावतील ती जागा वहीत लिहा आणि तिथे कापा.

कानसेन

घाटवाटकरी, डोहाआधीची शांतता मिळाली का? मिळाली असेल तर ती क्लिप मला पाठवा. पाण्याच्या थेंबांखाली एखादा गुरगुरता आवाज असेल तर तो ८० हर्ट्झच्या खालचा काढून देतो.

घाटवाटकरी

मिळाली, चाळीस सेकंद. मध्ये एकजण खोकतो. नुसता आवाज काढून पाठवू का? डब्ल्यूएव्ही की एमपीथ्री?

कानसेन

डब्ल्यूएव्ही. खोकला राहू द्या, तो मी बघतो.